जन्मतारीख आधी बघा



बेगडेवाडीहून लोकल धरून घरचं पोर सरकारी नोकरीवर रुजू व्हायला निघालं, की पेढे वाटण्याआधी त्याचा शाळेचा दाखला बघा. गुरुजींनी अंदाजानं टाकलेली १ जून ही तारीख आपल्याकडे पुष्कळांच्या दाखल्यावर आहे. तीच सेवापुस्तकात चढते आणि निवृत्तीही तिच्यावरच ठरते. वर्ष चुकलं तर वर्षाचा पगार गेला! १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांनुसार दुरुस्तीचा अर्ज रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा. नंतर तो सहसा विचारात घेत नाहीत. सातबाऱ्यासारखे हेलपाटे घालून हे काम होत नसतं. ग्रामपंचायतीतून जन्मनोंदीचा उतारा आजच काढा. आणि हो, पोराचं लग्न झालं की वारसाचं नामनिर्देशनही नव्यानं भरायला सांगा.