आवाज चढला, थरार हरवला

'कंगुवा' हा तमिळ साहसपट १४ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रदर्शित झाला आणि कथेइतकीच चर्चा झाली ती त्याच्या कर्कश आवाजाची. अखेर चित्रपटगृहांनी आवाज दोन अंशांनी कमी करावा, असे आवाहन निर्मात्यांना करावे लागले. 'स्लमडॉग मिलेनियर'साठी २००९ मध्ये ऑस्कर मिळविणारे रसूल पुकुट्टी यांनीही आवाजाच्या या चढाओढीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आवाज जितका मोठा तितका थरार अधिक, हा समज त्यामुळे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

मुळात सलग गोंगाटाला कान लवकर सरावतो. तो सावध होतो बदलामुळे. 'शोले'मध्ये (१९७५) गब्बरचा चेहरा दिसण्याआधी ऐकू येतात ते खडकावर वाजणारे त्याचे बूट आणि फरफटणारा पट्टा. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडात गोळ्या झडून गेल्यावर झोपाळ्याची करकर तेवढी उरते. पुढे काय होणार, हे प्रेक्षकाला त्या करकरीतूनच उमगते.

ख्रिस्तोफर नोलन यांचा 'डंकर्क' (२०१७) हा काही हळू आवाजाचा चित्रपट नव्हे. मात्र त्यातील ताण रचनेतून येतो. नोलन यांनी स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ध्वनिमुद्रित करून संगीतकार हान्स झिमर यांना दिली. तिच्या जोडीला 'शेपर्ड टोन'चा वापर झाला. यात एकच स्वर अनेक सप्तकांत एकाच वेळी चढत जातो. वरचा विरत असताना खालचा उमटतो. परिणामी स्वर अखंड चढतो आहे, असा भास होतो आणि सुटका काही होत नाही. ध्वनीसाठीची दोन्ही ऑस्कर पारितोषिके २०१८ मध्ये याच चित्रपटाला मिळाली.

'कंगुवा'बाबत सुचविलेला उपाय मात्र अपुरा आहे. चित्रपटगृहातील ध्वनियंत्रणेची प्रमाणित पातळी ७ मानली जाते आणि चित्रपटाचे ध्वनिमिश्रणही तिच्याच आधारे होते. ती खाली आणली, की स्फोटांबरोबर संवादही क्षीण होतात. मग पुढचा निर्माता आपला चित्रपट दबू नये म्हणून ध्वनिमिश्रणातच आवाज वाढवितो आणि चित्रपटगृहे तो पुन्हा उतरवितात. या दुष्टचक्रात प्रेक्षकाच्या पदरी डोकेदुखी आणि ऐकू न आलेले संवाद पडतात. हे टाळायचे, तर कोठे थांबायचे याचा निर्णय ध्वनिमिश्रणाच्या टेबलावरच व्हायला हवा.