फोन धरणारा हात

संक्रांत आटोपली, धानाची मळणी उरकली आणि शेतांतून हाताला काम उरले नाही, की मूल, सावली, सिंदेवाही, गोंडपिपरी या तालुक्यांतून मिरची तोडण्यासाठी तेलंगणाकडे निघणाऱ्या मजुरांच्या गाड्या आमच्या जिल्ह्याला नवीन नाहीत. आणि आम्हां कोरपनावासीयांना तर दक्षिणेचा तो रस्ता परका वाटण्याचे कारणच नाही, कारण 1956 साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत आमचा हा सारा मुलूख, राजुरा तालुक्याचा भाग म्हणून, हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत होता आणि आमच्या वाडवडिलांची कचेरी, बाजारहाट व सोयरीक तिकडेच होती. नवे आहे ते एवढेच, की खम्मम किंवा वारंगलकडच्या शेतात ताडपत्रीच्या खोपटात उतरलेली आई आता रात्री आपल्या लेकराचे तोंड पाहू शकते. पूर्वी मुकादमाकडून येणारा सांगावा हाच काय तो आधार होता. 2016 च्या सप्टेंबरात जिओने स्वस्त इंटरनेट आणले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉलची सोय झाली, आणि त्यानंतर पाहता पाहता मजुराच्या घरातील संगोपनाचा काही अंश या यंत्राच्या स्वाधीन झाला.

हे संगोपन प्रत्यक्षात कसे चालते, ते आमच्या आळीतल्या एका घरी मी जवळून पाहिले आहे. मुलगी दुसरीत, आईबाप मिरचीवर गेलेले आणि ती आजोळी, आजीपाशी. आरंभी फोन वाजला की म्हातारी सवयीने तो कानाला लावी, त्यामुळे पलीकडच्या लेकीला आईचा कान आणि पांढरे केस याखेरीज काही दिसत नसे, आणि ती तिकडून ओरडे, "माय, कानाले नको लावू वं, समोर धर!" मग काचेला तडा गेलेला तो फोन नातीपुढे येई आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होई: जेवली का, शाळेत गेली का, अभ्यास केला का, आजीला त्रास तर देत नाहीस ना. पोटतिडिकीने विचारलेले हे प्रश्न होते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तथापि काही दिवसांनी फोन वाजताच ती पोर अंगणात निघून जाऊ लागली. रोजची हजेरी आणि रोजची जबानी कोणत्या मुलाला आवडेल?

यावर तोड काढली ती त्या निरक्षर आजीनेच. स्वयंपाकाच्या वेळी तिने फोन चुलीपासून हातभर अंतरावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायला सुरुवात केली. इकडे ती ज्वारीची भाकर थापत असे, नात ताटलीपुढे बसलेली असे, आणि तिकडे आई दिवसभराच्या तोडणीने चुरचुरणारे हात धूत असे. बोलणे फारसे होत नसे. मात्र एके दिवशी भाकरीचा तुकडा तोडता तोडता मुलीने आपण होऊन तोंड उघडले आणि हलणारा दात जिभेने ढकलून आईला दाखवला. आणि मग त्या दातावरून ज्या गोष्टी निघाल्या, त्या कोणत्याही प्रश्नाने निघाल्या नसत्या.

विद्वानांनी या विषयाचा परामर्श घेतला आहे आणि त्यांचे निष्कर्ष आमच्या या आजीच्या युक्तीपासून फार दूर नाहीत. रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिनकॉफ या तीन अमेरिकी विदुषींनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवरील माणसाकडून नवे शब्द शिकली, परंतु आधीच मुद्रित केलेल्या चित्रफितीतून शिकली नाहीत. म्हणजे पडदा हा शत्रू नव्हे, पडद्यामागचे माणूस मुलाला तत्क्षणी प्रतिसाद देते की नाही, यावर सारे अवलंबून आहे. मिर्का माडियानू आणि डॅनियल मिलर यांनी ब्रिटनमध्ये चाकरी करणाऱ्या फिलिपिनो माता आणि मायदेशी राहिलेली त्यांची मुले यांचा अभ्यास करून 2012 साली ग्रंथ लिहिला. फोनमुळे आपल्याला पुन्हा आईपण लाभले असे त्या मातांना वाटत होते. मुलांचा अनुभव मात्र इतका एकमुखी नव्हता. मला हा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण दूरच्या आईचे समाधान म्हणजेच जवळच्या मुलाचे समाधान, असे आपण फार सहज धरून चालतो.

गडचांदूर, आवारपूर, नारंडा येथील सिमेंट कारखान्यांच्या आधाराने परप्रांतांतून आलेले मजूर भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि पाळी सुटल्यावर हेच बापपण उलट दिशेने करतात. माणिकगडच्या डोंगरातल्या गावांत तर आधी रेंजसाठी टेकाड शोधावे लागते. रिचार्ज संपला की बोलणे संपले, हे सर्वत्र सारखेच.

मुलांना सोबत का नेत नाही, असे विचारणाऱ्यांनी 2020 चा एप्रिल आठवावा. टाळेबंदीत तेलंगणातील मिरचीच्या कामावरून छत्तीसगडातील आपल्या बिजापूर जिल्ह्याकडे पायी निघालेली बारा वर्षांची एक मुलगी घराच्या वाटेवरच दगावली. मूल मागे ठेवणाऱ्या आईबापांना निष्ठुर म्हणण्याचा अधिकार, तो रस्ता ज्यांना कधी चालावा लागला नाही, त्यांना नाही.

म्हणून प्रश्न आईबापांच्या मायेचा नसून मुलाजवळ उरलेल्या माणसाचा आहे. फोन कोणाच्या हाती आहे, तो कोणत्या वेळी आणि किती निवांतपणे मुलापुढे ठेवला जातो, हे ठरवणारी आजी असेल तर ते मूल सुदैवी. पण आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे अधीक्षकाच्या सवडीवर आणि मर्जीवर राहता कामा नये. आईबापांशी बोलण्याची वेळ ठरलेली असावी, ती नोंदवहीत दर्ज व्हावी, आणि तो मुलाचा हक्क समजला जावा, मेहरबानी नव्हे.

गावच्या शाळेकडूनही एक अपेक्षा आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालकच असावेत असा दंडक घातला आहे. ज्या गावांतले पालक मिरचीच्या हंगामात परमुलखात असतात, तिथे त्या काळातली समिती कागदावरच उरते. जो फोन रात्री चुलीशी ठेवता येतो, तो महिन्यातून एकदा बैठकीच्या मेजावरही ठेवता येईल. सभेची वेळ मात्र सकाळी अकराची नसावी, तोडणीवरून मजूर परतल्यानंतरची, संध्याकाळी सातची असावी. यंदाच्या गाड्या निघण्यापूर्वी, डिसेंबरच्या बैठकीतच मुख्याध्यापकांनी हा ठराव मांडावा आणि जाणाऱ्या प्रत्येक पालकाचा चालू नंबर लिहून घ्यावा.