दार उघडण्यापूर्वी

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात कंकाली मठ आहे. त्याची दारे वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडतात. आतल्या जुन्या शस्त्रांची पूजा होते, लोक दर्शन घेतात आणि दारे पुन्हा वर्षभरासाठी मिटतात. आत काय आहे हे दसऱ्याला जाऊन आलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. त्यात भिण्यासारखे काहीच नाही. तरीही एरवी त्या बंद दारावरून जाताना नजर तिकडे वळतेच.

भयपट आणि रहस्यपट पहिल्या दहा मिनिटांत याच नजरेचा फायदा उठवतात. कडाडणाऱ्या विजा, घुबड, कुरकुरणारे फाटक ही सगळी वरची सजावट झाली. खरे काम असते ते प्रेक्षकाला एक बंद दार दाखवायचे आणि त्याचा नियम सांगायचा. हा नियम कुणीतरी मोडणार, हे खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला कळते. पुढची धडधड मग तो स्वतःच सुरू करतो.

कमाल अमरोहींच्या ‘महल’ने (१९४९) आपल्याकडे हा पायंडा पाडला. वादळी रात्री अशोककुमार आपल्या नव्या हवेलीत येतो. म्हातारा माळी त्याला हवेलीच्या मालकाची आणि कामिनीची गोष्ट सांगतो. मालक नावेसह बुडाला, वाट पाहून तीही गेली. एवढ्यावर ती नेहमीचीच भुताची गोष्ट ठरली असती. पण भिंतीवर त्या मेलेल्या मालकाची तसबीर दिसते आणि चेहरा असतो अशोककुमारचाच! भूत अजून कुठेच नाही, तरी हा माणूस आता हवेली सोडून जाणार नाही हे पक्के होते.

रामसे बंधूंनी ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) आडपडदा ठेवला नाही. सामरी हा सैतान पहिल्याच रिळात समोर येतो आणि त्याचा शिरच्छेदही होतो. रामसेंच्या चित्रपटांना नाके मुरडणाऱ्यांनी ही सुरुवात पुन्हा पाहावी. धड एकीकडे पुरलेले, डोके पेटीत बंद केलेले आणि राजघराण्यातल्या प्रत्येक मुलीला बाळंतपणात मरण्याचा शाप. नियम इतका स्वच्छ सांगितलेला असतो की पुढचे दिग्दर्शन ढिले पडले तरी लोक उठत नाहीत. ती पेटी उघडल्याशिवाय घरी कसे जायचे?

मराठीत राजा परांजप्यांनी ‘पाठलाग’मध्ये (१९६४) दार लावले ते चितेने. बायको गेली, अंत्यसंस्कार झाले आणि मग पोलिसांच्या ताब्यातली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक बाई म्हणते, मीच तुमची बायको. राज खोसलांनी यावरूनच ‘मेरा साया’ (१९६६) काढला. दोन्हीकडे सुरुवातीचा तो मृत्यू प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेला असतो, आणि तेच खरे कोडे. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की त्या बाईच्या शब्दांवर?

या साऱ्यांत ‘तुंबाड’ची (२०१८) सुरुवात सर्वांत धीराची. राही अनिल बर्वे यांना या चित्रपटाचे बीज नारायण धारपांच्या एका कथेत सापडले. ती त्यांनी १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राकडून ऐकली होती. ऐकलेल्या गोष्टीची चाल चित्रपटानेही सोडलेली नाही. आधी देवीच्या लोभी मुलाची, हस्तरची कहाणी येते. मग १९१८ सालचे तुंबाड, न थांबणारा पाऊस, एका सोन्याच्या नाण्याच्या आशेवर सरकारची सेवा करणारी विधवा, तिची दोन मुले आणि घरात साखळदंडाने बांधलेली एक म्हातारी. तिला वेळेवर जेवू घालायचे आणि ती जागी झालीच, तर हस्तरचे नाव घ्यायचे, एवढाच नियम. इथे घाई करणाऱ्या दिग्दर्शकाने म्हातारी लगेच दाखवली असती. बर्वे आधी घरातली गरिबी दाखवतात, आईचा थकवा दाखवतात. मग धाकटा मुलगा झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन धावते आणि जेवण भरवायचे काम पोरवयाच्या विनायकवर येते. आता भीती वाटते ती या मुलासाठी.

हिचकॉकने ‘सायको’त (१९६०) तर भीतीचा मागमूसही ठेवला नव्हता. पडद्यावर फिनिक्स शहर, वार, तारीख, दुपारचे २.४३ अशी कारकुनी नोंद येते आणि कॅमेरा अर्धवट ओढलेल्या पडद्याखालून एका हॉटेलच्या खोलीत शिरतो. परक्या खोलीत चोरून डोकावण्याची ती खोड प्रेक्षकाला पुढे महागात पडते. खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये, अशी हिचकॉकची थिएटरवाल्यांना ताकीद होती. त्याची नायिका अर्ध्या चित्रपटाआधीच मरते, उशिरा आलेला तिलाच शोधत बसला असता!

घरी दूरदर्शन संचासमोर ही ताकीद कोण पाळणार? कुकरची शिट्टी होते, दाराशी इस्त्रीवाला येतो आणि नावे संपेपर्यंत घरातली निम्मी माणसे आत-बाहेर करत असतात. मग मध्यंतराच्या सुमारास एक आवाज येतोच, “पण त्या खोलीत जायला काय हरकत आहे?” ज्याने सुरुवात पाहिलेली असते, तो नुसताच उशी घट्ट धरतो.