अपुऱ्या दिवसांचें बाळ आणि आईचा चीक

दिवस भरण्यापूर्वीं मूल जन्मास आलें कीं घरांतील सर्वांचें लक्ष त्याच्या वजनाकडे व श्वासाकडे लागतें, आणि तें योग्यच आहे. सातव्या महिन्यांतलें मूल जगतें, आठव्यांतलें जगत नाहीं, असेंही एखादी वडीलधारी बाई बोलून जाते. ह्या समजुतीस आधार नाहीं. उदरांत जितके दिवस अधिक, तितकें बाळ अधिक सबळ. परंतु अशा बाळाच्या ज्या इंद्रियाविषयीं घरांत सहसा कोणी बोलत नाहीं, त्या आंतड्याविषयीं आज चार शब्द सांगावे असें आम्हांस वाटतें; कारण त्याच्या रक्षणाचा मोठा वांटा घराच्या हातीं आहे.

३७ आठवडे पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलें मूल तें अपुऱ्या दिवसांचें. त्यांतही ज्यांचें वजन दीड किलोहून कमी असतें, अशा मुलांपैकीं शेंकडा सुमारें ५ ते १० मुलांना आंतड्याचा एक दारुण विकार होतो. डॉक्टर त्यास 'नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस' म्हणतात. ह्यांत आंतड्याच्या भिंतीस सूज येते, तिचा कांहीं भाग मृत होतो, आणि प्रसंगीं तेथें भोंक पडून आंतील घाण पोटाच्या पोकळींत पसरते. हा विकार जडलेल्या मुलांपैकीं शेंकडा २० ते ३० दगावतात.

त्याची वेळ मोठी फसवी आहे. पहिल्या दिवसांचा धोका टळतो, बाळ दूध घेऊं लागतें, घरच्या मंडळींचा जीव भांड्यांत पडतो. आणि नेमक्या दुसऱ्यातिसऱ्या आठवड्यांत पोट फुगतें, हिरवी ओकारी होते, शौचांत रक्त दिसतें, बाळ मलूल पडतें. क्ष-किरणांच्या चित्रांत आंतड्याच्या भिंतींतच वायूचे बुडबुडे दिसले म्हणजे निदान पक्कें होतें. मग दूध बंद करून शिरेवाटें पोषण व प्रतिजैविक औषधें द्यावीं लागतात, आणि भोंक पडलें असल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

असें कां व्हावें? उदरांत असतांना बाळ भोंवतालचें गर्भजल सारखें गिळीत असतें. त्या पाण्यांत पेशींस वाढण्याची सूचना देणारीं सूक्ष्म द्रव्यें असतात. त्यांस वृद्धिकारक द्रव्यें म्हणूं. त्यांपैकीं त्वचेच्या व आंतड्याच्या अस्तरास पोसणारें एक द्रव्य अमेरिकेंतील शास्त्रज्ञ स्टॅन्ले कोहेन ह्यांनीं शोधून काढलें. उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोंचला असतां त्यांचे डोळे वेळेपूर्वीं उघडतात व दांत लवकर येतात, हें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि त्यावरूनच पुढें त्यांनीं हें द्रव्य वेगळें केलें. १९८६ सालचें नोबेल पारितोषिक त्यांना रीटा लेव्ही-मोंताल्चीनी ह्यांजबरोबर मिळालें. हेंच द्रव्य लाळेंत व आईच्या दुधांतही असतें. बाळ लवकर जन्मलें कीं गर्भजलाचा पुरवठा तुटतो, आंतड्याचें अस्तर कोंवळेंच राहतें, आणि त्यावर अन्नाचा व जंतूंचा भार एकदम येऊन पडतो.

येथें निसर्गाची योजना पाहण्यासारखी आहे. नंतरच्या दुधापेक्षां चिकांत हें द्रव्य अधिक असतें. आणि ज्यांची प्रसूति फार लवकर होते त्या मातांच्या दुधांत तर तें दिवस भरलेल्या मातांच्या दुधाहूनही अधिक आढळलें आहे. मग तें वेगळें काढून बाटलींतूनच कां देऊं नये, असें कोणी विचारील. उंदरांच्या पिलांवरील प्रयोगांत तसें केल्यानें विकाराचें प्रमाण घटलें खरें. पण माणसाच्या बाळांसाठीं तो उपचार अद्याप सिद्ध झालेला नाहीं. शिवाय आईच्या दुधांत हें द्रव्य एकटें नसतें. रोगाशीं झगडणारीं प्रथिनें व हितकर जंतूंस पोसणाऱ्या शर्करा त्याच्या जोडीस असतात. इंग्लंडांतील ९२६ अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या पाहणीचा वृत्तान्त १९९० सालीं प्रसिद्ध झाला. तींत केवळ कृत्रिम दुधावरील मुलांत हा विकार केवळ मातेच्या दुधावर वाढणाऱ्या मुलांपेक्षां ६ ते १० पट अधिक आढळला.

आतां घराचें कर्तव्य. गाईचा चीक मिळाला म्हणजे आपण खरवस करून आवडीनें खातों; आणि सुनेचा चीक मात्र 'घट्ट, पिंवळा, बाळास पचणार नाहीं' म्हणून कित्येक घरांत पिळून टाकला जातो! पहिल्या कांहीं तासांतच हातानें चीक काढण्यास आरंभ करावा, व दिवसरात्रींतून आठ वेळां तरी काढीत जावा. चार थेंब निघाले तरी ते बाळाचेच आहेत. 'हिला दूधच येत नाहीं' असें सासूबाईंनीं सुनेसमोर म्हणूं नये; तिच्या जेवणाची व झोंपेची काळजी घ्यावी. दूध वेळच्या वेळीं रुग्णालयांत पोंचविण्याचें काम पुरुषांनीं उचलावें. जातकर्मांतील मधतूप, गुटी, साखरपाणी ह्यांपैकीं कांहींही अशा बाळाच्या ओठांस लावूं नये. मध तर एक वर्षाच्या आंतील कोणत्याच मुलास देऊं नये. मंत्र म्हणावे, मध राहूं द्यावा.

आईचें दूध पुरेसें नसेल तर दुग्धपेढीचा आधार घ्यावा. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं डॉ. अर्मिडा फर्नांडिस ह्यांच्या पुढाकारानें अशी पेढी निघाली; आशिया खंडांतील ती पहिली मानली जाते. दूध देणाऱ्या मातांची तेथें तपासणी होते, व दूध ६२.५ अंश सेल्सिअस उष्णतेवर ३० मिनिटें ठेवून निर्धोक केलें जातें. उष्णतेनें त्याचे कांहीं गुण उणे होतात, म्हणून पहिला मान आईच्याच दुधाचा. तें दूध कोणाचें, कोणत्या जातीचें, अशी चौकशी करणारांस आम्ही इतकेंच विचारूं: रक्तपेढींतील रक्त घेतांना आपण ती करतों काय?

एवढें करूनही कांहीं बाळांना हा विकार होतोच. तसें झाल्यास मातेस बोल लावूं नये. तिच्या दुधानें धोका उणाच केलेला असतो. आणि बाळाचें पोट ताठ दिसलें किंवा ओकारी हिरवी आली, तर वडीलधाऱ्यांची संमति घेत न बसतां तिनें त्याच क्षणीं परिचारिकेस हांक मारावी.