हात दिसेपर्यंत थांबा

पोलीस भरती निघाली की आपल्या वस्तीतली मुलेमुली पहाटेच मैदानावर धावू लागतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आजचे हे चार शब्द.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. बारा वाजून गेले होते. मुंबईत गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर दोन अतिरेक्यांची पळवलेली मोटार अडवली गेली. चकमकीत चालवणारा कोसळला. मोटार थांबली, पण धोका थांबला नव्हता. दुसरा, अजमल कसाब, दारातून बाहेर पडला आणि त्याने गोळ्या झाडल्या. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हाती होती फक्त लाठी. त्यांनी कसाबची बंदूक धरली ती सोडली नाही. कसाब जिवंत सापडला, ओंबळे गेले. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावच्या या सुपुत्राला २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

या शौर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण वाचकहो, लाठीने बंदुकीला सामोरे जाण्याची पाळी दुसऱ्या कुणाच्या लेकरावर का यावी? चांगले हत्यार, चिलखती जाकीट आणि नियमित सराव हा शिपायाचा हक्कच आहे. बाकी सावधपणा त्याने स्वतः बाळगायचा. समोरच्याचे दोन्ही हात दिसल्याशिवाय जवळ जाऊ नये. एकट्याने हात घालू नये. एकाने बोलावे, दुसऱ्याने नजर ठेवावी. गाडीतल्यांना एकेक करून उतरवावे. ताब्यात घेताच झडती घ्यावी. बेडी पडली म्हणजे काम संपले असे समजू नये.

हा सावधपणा पकडल्या जाणाऱ्यालाही वाचवतो. घाबरलेला शिपाई आधी मारतो, मग विचारतो. पळून जाऊ नये एवढ्यापुरतेच बळ वापरावे, असे कायदा सांगतो.

आपणही काही पथ्ये पाळू. अटक होत असताना गराडा घालू नये, ओढाताण करू नये. मात्र अटकेचे कारण विचारावे, अधिकाऱ्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचावी. अटकेची खबर नातेवाइकांना मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात बजावले आहे. चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे बंधन तर संविधानाचेच आहे.

शिपायाची आई रात्री दाराकडे डोळे लावून बसते. ज्याला पकडले त्याचीही बसते. दोघींची लेकरे सुखरूप राहावीत, एवढेच आमचे मागणे.