मुरबाडची गाडी अडवली कुणी?



१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली. तिथून दोन फाटे फुटले: एक वासिंद, आसनगाव, खर्डी करत कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. मधला मुरबाड तालुका कोरडाच! का? गोऱ्या साहेबाला माणूस न्यायचा नव्हता, वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदरात न्यायचा होता. त्यापायी १८६५ पर्यंत थळघाट फोडला. कापसाला वाघीण मिळाली, आमच्या बापजाद्यांना पायवाट.

साहेब गेला. १९६० साली मराठी राज्य आलं. सर्वे झाले, घोषणा झाल्या. गाडी काही आली नाही. कल्याण जेमतेम तीस किलोमीटर! म्हणे, परवडत नाही. बारवी धरणात मुरबाडकरांच्या जमिनी बुडाल्या, ते बरं परवडलं? मुंबईच्या गिरण्यांना जाणारे विजेचे मनोरे पाडणारे भाई कोतवाल अन् हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला याच तालुक्यात, सिद्धगडावर हुतात्मा झाले. तेव्हा नाही मुरबाड लांब पडलं!

आमचा गडी अंधारात येष्टीला लोंबकळत कल्याण गाठतो. लोकल चुकली की खाडा, खाडा झाला की रोज बुडाला.

पुढाऱ्यांनो, सभेला या, हार घाला. पण आधी कल्याण-मुरबाड गाडीची तारीख सांगा, मगच माईक हातात घ्या!