रविवारच्या जीपला डिझेल कशाला?

धुळ्यात आग्रा रोडलगतच्या एका गॅरेजात गेला महिनाभर एक इंजिन गोणपाटावर पडून आहे. ते माझ्या मामांच्या जीपचे. जीप १९६४ सालची, महिंद्रांनी बांधलेली, उंच बॉनेटची. मामा जाऊन नऊ वर्षे झाली. मामेभावाचे जळगावात कापडाचे दुकान आहे. सहा दिवस तो गादीवर बसतो आणि सातव्या दिवशी मुलाबाळांना जीपमध्ये घालून मनुदेवीला, पालला, नाहीतर उनपदेवच्या ऊन पाण्याच्या झऱ्याला नेतो. या जीपमधले पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवायचे असे त्याच्या मनाने घेतले आहे. त्याने माझा सल्ला विचारला तो मी जाणकार म्हणून नव्हे; मामांनी मला गाडी शिकवली ती याच जीपवर, म्हणून. माझे उत्तर 'नाही' असे आहे. ते मी गॅरेजात तोंडी देऊन पाहिले. पण तिथे जमलेल्या पाचसहा मंडळींनी 'मास्तर, तुम्ही कादंबऱ्या लिहा' असे म्हणून मला गप्प बसवले. छापील पानावर मध्येच तोंड घालता येत नाही, ही लेखनाची मोठीच सोय आहे.

प्रतिपक्षाचे जेवढे खरे तेवढे आधी मान्य करतो. १९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला आणि १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव कडाडले. ज्यांचे पोट गाडीवर होते त्यांनी अॅम्बॅसडरमध्ये मॅटाडोरचे इंजिन घातले, जीपमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन बसवले आणि खेड्यापाड्यांतली माणसे बाजाराला पोचवली. त्यांना मी नावे ठेवणार नाही. तो आपद्धर्म होता. पुढे महिंद्रांनी स्वतःच प्यूजोच्या परवान्याची डिझेल इंजिने जीपमध्ये घातली. पण माझा मामेभाऊ काही चोपडा-यावल सिटा भरत नाही! आपद्धर्माची सवलत त्याने शौकासाठी का मागावी?

'अॅव्हरेज' हा या मंडळींचा लाडका शब्द. ठीक आहे, मी मास्तर आहे, हिशेब फळ्यावर मांडतो. महिन्यातून दोन रविवार, प्रत्येकी शंभर किलोमीटर. म्हणजे वर्षाला २,४०० किलोमीटर. पेट्रोलवर लिटरला ८ किलोमीटर धरले तर ३०० लिटर, डिझेलवर १२ धरले तर २०० लिटर. पेट्रोल १०५ रुपयांनी धरा, डिझेल ९२ रुपयांनी. एकीकडे ३१,५०० रुपये, दुसरीकडे १८,४००. वर्षाची बचत १३,१००. आणि गॅरेजवाल्याने इंजिन बदलण्याचे मागितले आहेत १,८०,०००! हे पैसे फिटायला पावणेचौदा वर्षे लागतील. तोवर माझ्या मामेभावाने साठी ओलांडलेली असेल. २०१० मध्ये पेट्रोलचे आणि २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले. दोन्हींमधले जुने मोठे अंतर तेव्हाच आटले. डोक्यातले अंतर मात्र अजून १९७३ चेच आहे.

हिशेब हरला की मंडळी ताकदीवर येतात. खरे दुखणे तेच. सातपुड्याचा चढ लागतो, मागून एखादी नवी कोरी मोटार हॉर्न देत पुढे निघून जाते, आणि आमच्या दुकानदाराचा जीव खाली-वर होतो. अमेरिकेतही हे खूळ आहे. १९६४ साली पाँटिअॅक जीटीओ या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ साडेसहा लिटरचे इंजिन आले आणि 'मसल कार' म्हणवणाऱ्या दांडग्या मोटारींची लाट उसळली. आज तसल्या गाड्या रविवारी फिरवणारे शौकीन जुने इंजिन काढून शेवरलेचे नवे घालावे की नाही यावर तासन् तास घालवतात. पण तिथे निदान इंजिनाचा मूळ क्रमांक गाडीशी जुळत असेल तर गाडीला किंमत जास्त येते, म्हणून जुने इंजिन भंगारात घालताना हात थबकतो. आमच्याकडे ते किलोवर जाते.

आणि जे काढायचे ते आहे काय, हे तरी पाहाल की नाही? युद्धकाळातल्या जीपचे इंजिन बुटके होते. त्याचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये. पुढे विलीजने 'हरिकेन' काढले. आकार तोच, २,१९९ सीसी. पण हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, आणि धूर बाहेर टाकणारा खाली ब्लॉकमध्येच ठेवला. इंजिनाला श्वास मोकळा मिळाला, ताकद साठावरून सत्तरच्या पुढे गेली. पण इंजिन उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ च्या सीजे-३बी जीपचे बॉनेट वर उचलावे लागले. मामांच्या जीपचे ते उंच कपाळ, जे पाहून आम्ही पोरे तिला 'हेडमास्तर' म्हणत असू, ते या इंजिनासाठी घडलेले आहे. इंजिन काढलेत तर ते कपाळ कशासाठी उरले?

शिवाय ही जीप धावण्यासाठी केलेलीच नाही. तिच्या चाकाचा एक फेरा व्हायला प्रॉपेलर शाफ्टला ५.३८ फेरे घ्यावे लागतात. ती ओढण्यासाठी बांधली आहे. नवे इंजिन आले की माउंटिंग बदला, क्लच बदला, रेडिएटर बदला. ब्रेक मात्र ड्रमचे, जुनेच! वाढवलेल्या ताकदीला आवरणार कोण? यावर गॅरेजातले उत्तर असे: 'ते नंतर पाहू.'

एक आक्षेप मात्र मला अडचणीत टाकतो. आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. (उसाचा शेतकरी सुखी झाला तर मला आनंदच आहे.) पण त्यावर उपाय नळ्या, गॅस्केटे आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घालणे, हा आहे. पादत्राण चावते म्हणून कोणी पाय बदलत नाही.

कायद्याचे तर नावच नको. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ असल्या फेरफारांवर बंधने घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे लावले. ही गोष्ट काढली तर गॅरेजात हसे पिकले. अपघात झाला आणि विमेवाल्याने क्रमांक ताडून पाहिला, की त्या दिवशी हसायला यातला एकही माणूस शेजारी नसेल.

माझ्या बाजूने बोलणारेही काही आहेत. त्यांचाही मला जाच होतो. ते म्हणतात, २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळा क्रमांक मिळतो, तो घे. पण तो घेतला की गाडी रोजच्या रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तेलपाणी, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मग मनुदेवी बंद! जीप काचेआड ठेवायला मी सांगत नाही. ज्या धुळ्यात राजवाड्यांनी १९२६ साली देह ठेवला, जिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ जुने कागद जिवापाड जपते, त्या गावात एक चालते यंत्र तपासल्यावाचून मोडीत जावे, याचे मला वाईट वाटते, एवढेच.

तपासल्यावाचून, हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. जीप चढाला दमते आणि तापते, ही तक्रार. इंजिन उतरवण्याआधी कोणी कॉम्प्रेशन मोजले? नाही. रेडिएटर गाळाने भरला आहे का, कार्ब्युरेटर चोंदला आहे का, टायमिंग ढळले आहे का? कोणी पाहिले नाही. त्याच गॅरेजात कोपऱ्यात एक म्हातारे मिस्तरी बसतात. आता त्यांना कोणी काम सांगत नाही. त्यांनी इंजिनावर हात फिरवला आणि हळूच म्हणाले, 'मास्तर, हाई इंजिन मरेल नही शे, उपाशी शे.'

आता हेड खोलून बोअर मोजायचा ठरला आहे. झीज फार असेल तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतील. ब्लॉकलाच तडा असेल तर मी माझा हट्ट सोडीन. भाऊबीज झाली की मी धुळ्याला जाणार आहे. तोवर डिझेल इंजिनवाल्याला बयाणा द्यायचा नाही, एवढे मामेभावाकडून कबूल करून घेतले आहे. भंगारवाला मात्र दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला.